चोडणचे धक्के मॅपफाइलमध्ये, मानस बाहेर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चोडण आणि दिवाडी ही गोव्यातली बेटं आणि आसपासची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, यांचा एक छोटा नकाशा तुम्हाला मॅपसर्व्हर या वेबवर नकाशे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभा करायचा आहे. त्यात फेरीबोटीचे धक्के आणि बांधांवरचे मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी दारं, अशी मिळून २३ ठिकाणं दाखवायची आहेत. कुणी शेपफाइल (ठिकाणांची माहिती साठवायची फाइल) करा म्हणालं, कुणी डेटाबेस उभा करा म्हणालं. तुम्ही ते सगळं बाजूला ठेवून अक्षांश-रेखांशांचे आकडे थेट मॅपफाइलमध्ये टाइप केलेत. नकाशा उमटतो, पण ठिपके दिसत नाहीत. एकदा दिसले, तेव्हा ‘दिवाडी’ची वेलांटी भलत्याच जागी गेली होती. म्हणून तुम्ही विचारलंत की थेट फाइलमध्ये लिहिणं हीच मुळात चूक झाली का.

चूक झालेली नाही. मॅपसर्व्हरमध्ये ही सोय पहिल्यापासून मुद्दाम ठेवलेली आहे आणि मी ती गेली कित्येक वर्षं वापरतोय. फक्त तुमची २३ ठिकाणं एका जातीची नाहीत. धक्के मॅपफाइलमध्ये राहू द्या, मानस बाहेर काढा. असं का, ते शेवटाकडे सांगतो. आधी तुमचे ठिपके दिसायला हवेत.

मॅपफाइल म्हणजे नकाशाचा आराखडा. कुठला भाग दाखवायचा, कुठल्या थरावर काय काढायचं, कुठला रंग, कुठली अक्षरं, हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. एरवी प्रत्येक थर, म्हणजे लेयर, बाहेरच्या एखाद्या फाइलीकडे बोट दाखवतो आणि ठिकाणं तिथून उचलतो. पण लेयरच्या पोटातच ‘फीचर’ नावाचा तुकडा लिहिला की बाहेर जावं लागत नाही. धक्क्यांचा लेयर साधारण असा दिसेल. इथे मी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि आकडे मराठीत लिहितोय. प्रत्यक्ष फाइलीत आज्ञांचे शब्द आणि आकडे रोमनच हवेत. देवनागरी अंक मॅपसर्व्हरला कळत नाहीत, त्यामुळे मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे टाइप करायला जाऊ नका.

लेयर
  नेम "धक्के"
  टाइप पॉइंट
  स्टेटस डिफॉल्ट
  प्रोजेक्शन "इनिट=ईपीएसजी:४३२६" एंड
  फीचर
    पॉइंट्स ७३.८७ १५.५० एंड
    टेक्स्ट "रायबंदर"
  एंड
  फीचर
    पॉइंट्स ७३.९१ १५.५० एंड
    टेक्स्ट "जुने गोवे"
  एंड
  क्लास
    स्टाइल सिंबॉल "गोल" साइझ १० कलर २०० ४० ४० एंड
    लेबल ... एंड
  एंड
एंड

हे आकडे फक्त मांडणी दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या नकाशात घेऊ नका. दशांशानंतर दोनच अंक ठेवले तर ठिकाण अदमासे १ किलोमीटरच्या जाळीत बसतं. रायबंदरचा धक्का तेवढ्याने सहज मांडवीच्या मधोमध जाऊन बसेल. चार अंकांनी साधारण ११ मीटरचा आणि पाच अंकांनी १ मीटरच्या आसपासचा नेमकेपणा मिळतो. धक्क्याला चार पुरतात. मानसाला पाच घ्या, कारण एकाच बांधावर दोन मानस जवळजवळ असू शकतात. जुन्या कागदांवर अंश-मिनिटं-सेकंद असतील तर आधी दशांशात आणा. १५ अंश २९ मिनिटं २७ सेकंद असेल तर २९ ला ६० ने आणि २७ ला ३६०० ने भागून बेरीज करायची, १५.४९०८ येतात.

आता ठिपके का दिसत नाहीत. दहापैकी सात वेळा कारण एकच असतं, अक्षांश आणि रेखांश उलटे पडलेले असतात. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो. फोनवरच्या नकाशात बोट दाबून धरलं तर आकडेही त्याच क्रमाने येतात, आधी १५ पासून सुरू होणारा, मग ७३ पासून सुरू होणारा. मॅपफाइलला मात्र आधी आडवा आकडा आणि मग उभा आकडा हवा असतो, म्हणजे रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलटं लिहिलं तर मॅपसर्व्हर तक्रार करत नाही. ७३ हा अक्षांश म्हणून पूर्ण वैध आहे. तुमचा पणजीचा धक्का तो मुकाट्याने १५ अंश पूर्व, ७३ अंश उत्तर या जागी मांडतो. ती जागा नॉर्वेचं उत्तर टोक आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रात आहे. तुमची चौकट गोव्यापुरती असल्यामुळे तो ठिपका तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि त्रुटीचा संदेशही येणार नाही.

गोव्यापुरती ओळखीची खूण अशी ठेवा. पहिला आकडा ७३ किंवा ७४ ने सुरू व्हायला हवा आणि दुसरा १४ किंवा १५ ने. गोव्याचं एकही गाव याच्या बाहेर नाही. एकदा एका कार्यालयाकडून मला ठिकाणांची यादी आली होती. तिच्यातल्या बहुतेक ओळी बरोबर होत्या, मधल्याच दोन उलट्या होत्या. बाकीचे ठिपके दिसत असल्यामुळे ते दोन नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नकाशा लोकांसमोर गेल्यावर एका बाईंनी विचारलं, “आमचा धक्का खंय?” तेव्हापासून मी टाइप केलेली प्रत्येक ओळ ही खूण धरून डोळ्यांखालून घालतो आणि ठिपके बोटाने मोजतो.

यात एक पोटगुंता आहे, तोही सांगून ठेवतो. तुमच्या वेबपानाने डब्ल्यूएमएसच्या (सर्व्हरकडे नकाशाचं चित्र मागण्याची ठरलेली पद्धत) १.३.० आवृत्तीत ४३२६ या, म्हणजे अंशांतल्या मापाच्या, क्रमांकाने चित्र मागितलं, तर त्या मागणीतल्या चौकटीत अक्षांश आधी येतो. तो नियम मागणीचा आहे. मॅपफाइलच्या आत क्रम कधीच बदलत नाही. हे वाचून घाबरून फाइलीतले आकडे उलटवलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरं मोठं कारण प्रोजेक्शनचं, म्हणजे आकडे कुठल्या मापात आहेत ते सांगण्याचं. वरच्या नमुन्यात लेयरच्या आत प्रोजेक्शनची ओळ आहे. ती तुमच्या फाइलीत नसणार अशी मला दाट शंका आहे. ती ओळ नसली तर मॅपसर्व्हर समजतो की तुमचे आकडे सगळ्या नकाशाच्याच मापात आहेत. वेबवरचे बहुतेक नकाशे ३८५७ या मापात असतात आणि त्यात आकडे मीटरमध्ये मोजले जातात. म्हणजे तुमचं ७३.८७ आणि १५.५० हे ‘शून्य रेखांश आणि विषुववृत्त जिथे छेदतात तिथून ७३ मीटर पूर्वेला आणि १५ मीटर उत्तरेला’ असं वाचलं जातं. ठिपका आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात पडतो. नकाशा युटीएम या मीटरमधल्या मापाच्या ४३ व्या पट्ट्यात असेल, म्हणजे ३२६४३, तर तोच ठिपका मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर जातो, कारण त्या मापात पणजीचा आडवा आकडा पावणेचार लाखांच्या आसपास आणि उभा सतरा लाखांच्या वर असतो. उपाय एकच. थेट लिहिलेल्या ठिकाणांच्या प्रत्येक लेयरला त्याची स्वतःची प्रोजेक्शनची ओळ द्यायची आणि नकाशाच्या मुख्य भागातही ती द्यायची. दोन्ही ठिकाणी असली तरच मॅपसर्व्हर एका मापातून दुसऱ्यात रूपांतर करतो.

हे दोन्ही बरोबर असूनही काही दिसत नसेल तर थरांचा क्रम बघा. फाइलीत जो लेयर आधी, तो खाली. नंतर आलेला त्याच्यावर चढतो. तुमचा खाजनाचा हिरवा भराव धक्क्यांच्या नंतर लिहिलेला असेल तर धक्के त्याच्याखाली गाडले गेले असतील. ठिकाणांचे लेयर फाइलीच्या शेवटाकडे आणा. सिंबॉल आणि साइझ न देता फक्त रंग दिला असेल तर एका पिक्सेलचा ठिपका उमटतो, तो उपग्रहचित्रावर शोधूनही सापडत नाही. आणि सिंबॉलची व्याख्या करताना तिच्यातही ‘पॉइंट्स’ हा शब्द येतो. तो चिन्हाच्या आकाराचा असतो, जमिनीशी त्याचा संबंध नाही. नवीन माणूस तिथे रेखांश-अक्षांश भरून बसतो.

तपासायला ब्राउझर वापरू नका. मॅपसर्व्हरबरोबर येणारं ‘मॅप-टू-इमेज’ हे साधन आधी ‘एसएचपी-टू-इमेज’ म्हणून ओळखलं जायचं, ८.० आवृत्तीपासून नाव बदललं. त्याला मॅपफाइल आणि चित्राचं नाव दिलं की थेट चित्र तयार होतं, आणि फाइलीत चूक असेल तर ओळ क्रमांकासह सांगतं. हवा तो एकच लेयर काढता येतो, चौकट वेगळी देता येते. चौकट सगळ्या जगाची देऊन बघा. नॉर्वेजवळ किंवा आफ्रिकेजवळ ठिपका दिसला की आजार लगेच ओळखू येतो. ओळ क्रमांकाबद्दल एवढं लक्षात ठेवा की एखादा ‘एंड’ राहिला तर मॅपसर्व्हर चुकीच्या ओळीवर थांबत नाही, पुढे जिथे अर्थ लागेनासा होतो तिथे थांबतो. म्हणून त्या ओळीच्या वरचा भाग वाचायचा. पॉइंट्सला एक एंड आणि फीचरला वेगळा एंड लागतो. बहुतेकांचा दुसराच राहतो. नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची पद्धत) सोबत बीओएम, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचं अदृश्य चिन्ह, लावला गेला तर पहिल्याच ओळीवर गाडी अडते. डोळ्यांना त्या ओळीत काहीच वावगं दिसत नाही. जतन करताना ‘बीओएमशिवाय’ हा पर्याय निवडा.

तुमच्या सर्व्हरवर मॅपसर्व्हर ८ असेल आणि वेबपानावर काहीच येत नसेल, तर मॅपफाइलकडे बघण्याआधी मुख्य कॉन्फिगरेशन फाइल बघा. २०२२ साली आलेल्या ८.० पासून ती सक्तीची झाली आहे. कुठल्या जागेतल्या मॅपफाइली उघडायच्या हेही तिथेच सांगावं लागतं. जुन्या लेखांत तिचा उल्लेख नसतो, म्हणून हे सांगितलं.

आता ‘दिवाडी’ची वेलांटी. हे दुखणं आपल्या लिपीचं आहे आणि त्याकडे परदेशी लेखांत कुणी बघत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘दि’ टाइप करताना संगणकात आधी द आणि मग वेलांटी साठवली जाते, पण कागदावर वेलांटी द च्या आधी बसावी लागते. ‘म्हापसा’तला अर्धा म, ‘पर्वरी’तला रफार, ‘कुंकळ्ळी’तला जोड ळ हे सगळं साठवलेल्या क्रमावरून नव्याने जुळवावं लागतं. मॅपसर्व्हरच्या ७.० आवृत्तीच्या आधी हे जुळवणारं यंत्रच त्यात नव्हतं, अक्षरं साठवली त्याच क्रमाने छापली जायची. २०१५ साली आलेल्या ७.० मध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी आली आणि देवनागरी नीट उमटू लागली. तेव्हा पहिल्यांदा तुमची आवृत्ती बघा. ७ च्या आधीची असेल तर बाकी खटाटोप व्यर्थ आहे, आवृत्ती बदला. ७ किंवा पुढची असेल आणि तरी मोडतोड दिसत असेल, तर फाँट देवनागरीचा नाही किंवा मॅपसर्व्हर तयार करताना ही लायब्ररी वगळली गेली आहे. नोटो सान्स देवनागरी हा फाँट मोफत आहे. तो फाँटसेटच्या यादीत नोंदवा आणि लेबलमध्ये त्याचं तेच नाव द्या. नावाऐवजी चौकोन दिसले तर फाँटचा दोष, वेलांटी सरकली तर जुळवणीचा.

गोव्याच्या नकाशावर गावाचं नाव मराठीत नीट वाचता यावं, हा माझ्या मते शोभेचा भाग नाही. एकाच गावाची पोर्तुगीज वळणाची, इंग्रजी वळणाची आणि आपल्या तोंडची अशी तीन-तीन नावं चालतात. ‘दीवार’ असं रोमनवरून परत देवनागरीत आणलेलं नाव पाटीवर दिसलं की दिवाडीच्या माणसाला आपलं गाव ओळखू येत नाही. आणि इथेच थेट मॅपफाइलमध्ये लिहिण्याचा एक मोठा फायदा आहे. शेपफाइलची माहिती डीबीएफ या जुन्या प्रकारच्या फाइलीत बसते. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइटच जागा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मराठी रकान्याचं नाव तीन चिन्हांवर तुटतं. आतल्या मजकुरालाही २५४ बाइटची मर्यादा आहे, आणि कुठल्या संकेतप्रणालीत साठवलंय हे सांगणारी छोटी फाइल सोबत नसली तर दुसऱ्या संगणकावर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. मॅपफाइलमध्ये तुम्ही ‘कुंकळ्ळी’ लिहिलंत की ती कुंकळ्ळीच राहते. काय बदललं तेही ओळीओळीने वाचता येतं. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये फाइल ठेवत असाल तर एका धक्क्याचा आकडा बदलल्यावर नेमकी तीच एक ओळ बदललेली दिसते. शेजारी गरज असेल तिथे जाळीचं चिन्ह (#) टाकून टीप लिहा, ‘ओहोटीला उभं राहून घेतलेलं ठिकाण’ अशी. त्या चिन्हापुढचा मजकूर मॅपसर्व्हर वाचत नाही, पण तुमच्यानंतर फाइल उघडणारा माणूस वाचतो.

नावं एकमेकांवर चढत असतील तर मॅपसर्व्हर त्यातलं एक गाळतो. ठिकाण नाहीसं झालेलं नसतं. रायबंदरचा धक्का आणि नदीपलीकडचा चोडणचा धक्का लांबून पाहिलं की एकमेकांना चिकटतात. लेबलला ‘पोझिशन ऑटो’ द्या, म्हणजे नाव मोकळी बाजू शोधतं. ‘फोर्स’ देऊन सगळी नावं जबरदस्तीने छापता येतात, पण मग वाचता येत नाहीत. त्यापेक्षा लांबच्या दृश्यात फक्त ठिपके आणि जवळ गेल्यावर नावं, असं प्रमाणाचं बंधन घालणं मला जास्त पटतं.

धक्क्यांना प्रकार जोडायचा असेल, म्हणजे ‘वाहनं जातात’ आणि ‘फक्त माणसं’ असे दोन रंग हवे असतील, तर फीचरमध्ये ‘आयटम्स’ लिहून किंमती, म्हणजे रकान्यांत भरायची मूल्यं, देता येतात. रकान्यांची नावं मात्र लेयरच्या ‘प्रोसेसिंग’ ओळीत द्यावी लागतात. इथे एक खाच आहे आणि तिच्यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे. प्रोसेसिंगच्या ओळीत रकान्यांची नावं स्वल्पविरामाने वेगळी करायची, पण फीचरच्या आतल्या किंमती अर्धविरामाने. दोन्हीकडे स्वल्पविराम दिला तर पहिल्या रकान्यात सगळ्या किंमती एकत्र जातात, दुसरा रिकामा राहतो आणि तुमची रंगांची अट कधीच जुळत नाही. प्रत्येक फीचरमध्ये किंमतींची संख्याही सारखीच ठेवा.

फेरीचा मार्ग दाखवायचा असेल तर टाइप लाइन करून पॉइंट्समध्ये एकामागून एक जोड्या लिहायच्या, मध्ये स्वल्पविराम नाही, फक्त जागा. खाजनाची हद्द दाखवायची तर टाइप पॉलिगॉन. त्यात शेवटची जोडी पहिल्या जोडीसारखीच हवी, म्हणजे कुंपण बंद होतं. एकाच फीचरमध्ये पॉइंट्सचे दोन तुकडे दिले आणि दुसरा पहिल्याच्या आत असेल तर तेवढं भोक पडतं. खाजनातली पोंय, म्हणजे मानसाच्या आतलं पाणी, भातशेतीच्या रंगातून वगळायला हे कामी येतं. पण हद्दीचे आकडे हाताने टाइप करू नका. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरता लेयर ४३२६ या मापात उघडा, उपग्रहचित्रावर हद्द आखा आणि अभिव्यक्तीच्या (एक्स्प्रेशनच्या) खिडकीत ‘जिओम-टू-डब्ल्यूकेटी’ हे फलन ५ दशांशांसह चालवा. जो मजकूर मिळतो तो फीचरमध्ये पॉइंट्सऐवजी ‘डब्ल्यूकेटी’ या शब्दापुढे अवतरणात चिकटवायचा. त्या मजकुरात जोड्यांमध्ये स्वल्पविराम असतात आणि तिथे ते बरोबर आहेत. पॉइंट्स आणि डब्ल्यूकेटी यांची ही उलट शिस्त एकदा डोक्यात बसवून घ्या.

याच सोयीचा एक उपयोग फार कमी लोक करतात. नकाशाच्या कोपऱ्यात ‘पाहणी कधीची, कुणी केली’ ही ओळ कायम दिसायला हवी असेल, तर त्यासाठी वेगळा लेयर घ्या, त्यात एक फीचर लिहा आणि ‘ट्रान्सफॉर्म’ला एलएल, म्हणजे खालचा डावा कोपरा, असं सांगा. मग आकडे जमिनीचे राहत नाहीत, चित्राच्या पिक्सेलचे होतात. चित्रात उभं मोजमाप वरून खाली चालतं, म्हणून कोपऱ्यापासून वर यायचं असेल तर दुसरा आकडा ऋण लिहायचा, जसं ६० आणि उणे १०. ओळ पानाबाहेर गेली तर कारण हेच असतं. तुमचं वेबपान नकाशा तुकड्या-तुकड्यांत मागत असेल तर मात्र ही ओळ प्रत्येक तुकड्यावर उमटेल. तेव्हा ती छापायच्या नकाशापुरतीच ठेवा.

आता धक्के आत आणि मानस बाहेर असं मी का म्हणालो ते.

कुठलंही ठिकाण मॅपफाइलमध्ये लिहिण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. त्या ठिकाणात बदल झाला तर तो आधी कुणाला कळेल? आणि मॅपफाइल उघडून ती ओळ बदलणारा माणूस कोण? दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल तर बिनधास्त आत लिहा. धक्के वर्षानुवर्षं जागेवर असतात. एखादी फेरी बंद झाली किंवा पूल झाला तर ती बातमी तुमच्यापर्यंत आपोआप येते आणि एका ओळीचं काम असतं. रायबंदर–चोडण, पोंबुर्फा–चोडण, जुने गोवे–दिवाडी, नार्वे–दिवाडी ही यादी मोजकी आहे आणि तुमच्या नकाशाचा सांगाडा आहे.

मानसाचं तसं नाही. मानस म्हणजे बांधातलं दार. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी सोडायला उघडतं. त्याची फळी कुजली किंवा शेजारी बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा माती खारावली की कोरगुटासारखं खारेपणा सोसणारं भातसुद्धा त्या हंगामात नीट येत नाही. फळी कुजल्याचं आधी कळतं ते मानसावर जाणाऱ्याला, त्या शेताच्या कुळाला. तुम्हाला नाही. ती खबर नकाशावर यायला जर ‘सर्व्हरवर जा, मॅपफाइल उघडा, एंड सांभाळा’ एवढी वाट असेल तर ती येणारच नाही. नकाशावर ते मानस वर्षभर ‘चांगल्या स्थितीत’ दिसत राहील, आणि ज्यांच्यासाठी नकाशा केला त्यांचा त्यावरचा विश्वास जाईल. मला ही गोष्ट ठिपका उलटा पडण्यापेक्षा गंभीर वाटते.

आणखी एक कारण आहे, ते यंत्राच्या बाजूचं. मॅपसर्व्हर प्रत्येक मागणीला मॅपफाइल नव्याने वाचतो. वेबपान २५६ पिक्सेलचे तुकडे मागत असेल तर एका पडद्यासाठी वीस-तीस मागण्या सहज होतात आणि दर वेळी तुमच्या सगळ्या जोड्या अक्षर-अक्षर वाचल्या जातात. २३ ठिपक्यांना ते जाणवणारही नाही. पण मानसांची यादी एका बेटापुरती थांबत नाही. उद्या तिसवाडीची मागतील, मग बार्देशची. बांधांच्या सविस्तर रेषा आल्या की हजारो जोड्या होतात. शिवाय नकाशावर ठिपका टिचकावून माहिती वाचणं, नावाने शोधणं, यादी उतरवून घेणं, ही कामं थेट लिहिलेल्या ठिकाणांवर मी कधीच सोपवत नाही. त्यासाठी बाहेरचा स्रोतच हवा.

बाहेर म्हणजे लगेच डेटाबेस असं मुळीच नाही. मानसांसाठी एक साधा तक्ता करा. त्यात रकाने पाचच: मानसाचं नाव, रेखांश, अक्षांश, स्थिती, शेवटची पाहणी. तो सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, म्हणून जतन करा, यूटीएफ-८ मध्ये. त्याच्या शेजारी व्हीआरटी नावाची दहा ओळींची छोटी फाइल ठेवा. तिच्यात एवढंच सांगायचं की रेखांश या रकान्यात आहे, अक्षांश त्या रकान्यात आहे आणि माप ४३२६ आहे. मग मॅपफाइलच्या लेयरमध्ये फीचर न लिहिता ‘कनेक्शनटाइप ओजीआर’ (ओजीआर म्हणजे नकाशाच्या वेगवेगळ्या फाइली वाचणारी लायब्ररी) आणि कनेक्शनमध्ये त्या व्हीआरटीचं नाव द्या. स्थितीच्या रकान्यावरून क्लासच्या अटी घाला, दुरुस्त मानसाला एक रंग आणि मोडक्याला दुसरा. तक्ता बदलला की पुढच्या मागणीला नकाशा बदलतो, मॅपफाइलला हात लागत नाही. तक्ता सांभाळण्याचं काम गावातल्या कुणा एकाकडे द्या. फोनवर तक्ता भरता येणारी मुलं आता प्रत्येक वाड्यावर आहेत. तुमच्याकडे आधीच क्यूजीआयएसमध्ये बिंदू असतील तर सीएसव्हीऐवजी जिओजेसन या मजकुराच्या प्रकारातली फाइलही चालेल, तोही ओजीआर थेट वाचतो. पण गावातल्या माणसाने हाताने दुरुस्त करायचं असेल तर तक्ताच बरा. जिओजेसनमधला एक कंस चुकला की सगळाच थर जातो.

धक्क्यांचा लेयर वेगळ्या छोट्या फाइलीत काढून मुख्य मॅपफाइलमध्ये ‘इन्क्लूड’ने ओढून घ्या. मग मुख्य फाइल हलकी राहते, आणि हेच धक्के उद्या दुसऱ्या नकाशात लागले तर पुन्हा टाइप करावे लागत नाहीत. डब्ल्यूएमएसमधून देणार असाल तर त्या लेयरला एक्स्टेंट, म्हणजे त्याची चौकट, स्वतः लिहून द्या, म्हणजे नकाशा उघडणाऱ्याला तो लेयर नेमका कुठे आहे ते कळतं. सबंध गोव्यासाठी ७३.६५, १४.८५, ७४.४०, १५.८५ ही चौकट पुरते. चोडणपुरती बरीच लहान घ्या.

शेवटी ठिकाणांबद्दल. धक्क्यांचे आकडे घरी बसून उपग्रहचित्रावरून घेतलेत तरी चालतील, चित्रात उतार आणि फेरीबोट स्पष्ट दिसतात. मानसाचे तसे घेऊ नका. कांदळवनाच्या सावलीत दार दिसत नाही. बांधाचा वळसा आणि मानस यांत चित्रावर फरक करता येत नाही. ओहोटीला बांधावरून चालत जा, फोनचं जीपीएस उघड्यावर दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, आकडा लिहून घ्या आणि तिथल्या कुळाकडून त्या मानसाचं नाव विचारून घ्या, तो उच्चारतो तसंच.